माईकपुढे दोधू

५ जानेवारी, रविवार

आज दोधू गायला!

माझा घसा तीन दिवस बसलेला. सरावाला आवाजच फुटेना. आमचा सराव दर रविवारी दुपारी, आमच्याच केळीच्या पॅकिंग शेडमध्ये. मी बास गिटार वाजवतो आणि गातो — रेगे, जमैकाचं ते संथ डुलणारं संगीत, शब्द मात्र अहिराणी. ड्रमवर अजित — तो एरवी शहाद्याच्या बँजो पार्टीत वरातीपुढे वाजवतो. कीबोर्डवर माझी पुतणी भूमिका, फार्मसीला आहे. तिघंच. गाव आम्हाला ‘हेमकांतचं ढुमढुम’ म्हणतं.

गाणाराच मुका, मग सराव कसला? उठायच्या बेतात होतो. दोधू केळीच्या रिकाम्या कॅरेटवर बसलेला. अकरा वर्षं आमच्या पिकअपवर ड्रायव्हर आहे, स्पीकर तोच आणतो, तोच नेतो. म्हणाला, भाऊ, शब्द माले पाठ शेतस. म्हनू का?

म्हण म्हटलं. मनात म्हटलं, तेवढीच गंमत.

जाड आवाज, थोडा खरखरीत, आणि कुठलीच घाई नाही. ‘तापीमाय, धीरे चाल, मी बी येस तुन्हासंगे’ — ही ओळ मी लिहिली त्याला बारा वर्षं झाली. ती दुःखाची आहे हे मला आज कळलं. अजितचा हात थांबला होता. भूमिकाने मोबाईलवर सगळं टिपलं.

गाणं संपलं तर दोधू उठून केळी मोजायला गेला.

९ जानेवारी, गुरुवार

भूमिकाने तो व्हिडिओ टाकला आणि गाव सोडून जगाने पाहिला! चार दिवसांत दोन लाख. माझे स्वतःचे व्हिडिओ सात वर्षांत सगळे मिळून तीन हजार, त्यात शंभर तरी मीच पाहिलेले.

लोक काय काय लिहितात! ‘खरा रेगे.’ ‘रक्तातच आहे याच्या.’ ‘नंदुरबारचा जमैका.’ दोधूचे कुरळे केस, काळा रंग — बघणाऱ्यांना तेच दिसतं. काही घाणेरडंही आहे, ‘हा कुठल्या झाडावरून उतरवला’ असलं. भूमिका एकेक पुसत बसली होती. रागाने तिचे कान लाल.

माझ्याबद्दल एकच वाक्य सापडलं. ‘मागचे काका बास छान वाजवतात.’

काका!

१२ जानेवारी, रविवार

घसा बरा झाला. कोणी विचारलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पुण्याहून एक बाई आल्या. गोव्यात दरवर्षी मोठा संगीत महोत्सव भरवतात, गाणी बाजारातही आणतात. व्हिडिओ पाहून थेट आमच्या गावी, प्रकाशाला! आईने त्यांना दाळबट्टी खाऊ घातली. मी नवा शर्ट घातलेला. सांगायची लाज वाटते पण इथे कोण वाचतंय — आरशापुढे उभं राहून आभाराचे दोन शब्दही बोलून पाहिले होते.

बाई बघत होत्या दोधूकडे. त्याला घडांच्या ढिगाशेजारी उभं करून फोटो काढले. मग विचारलं, हे गाणं तुमच्या पाड्यात पिढ्यानपिढ्या गातात का? दोधूने माझ्याकडे बोट दाखवलं. बाई वळल्या. मी सांगितलं की गाणं माझं आहे, चाल माझी, शब्द माझे. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं, जसं काही मी त्यांची वस्तू हरवली.

फार गोड बोलतात पण. म्हणाल्या, रेगे म्हणजे सोसलेल्यांचं गाणं. लोकांना ते खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं. तुम्ही वाजवता सुंदर — पण तुम्ही बघायला पतसंस्थेचे चेअरमन वाटता हो.

तर ठरलं असं. एक मार्चला गोवा. दोधू पुढे, आम्ही तिघं मागे. दोधूने तोवर केस कापायचे नाहीत. शर्टाऐवजी ‘काहीतरी पारंपरिक’. डोक्यावर जमैकन गायकांसारखी लाल-पिवळी-हिरवी लोकरी टोपी — ती त्यांनी सोबतच आणली होती. आणि दोधू भिल्ल, म्हणून गाणं बाजारात येईल ते ‘पारंपरिक भिल्ल गीत’ या नावाने. ते जास्त चालतं म्हणे. कागद नंतर पाठवतील.

दोधूने टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाला, उन्हाळामा?

१९ जानेवारी, रविवार

सरावाला गेलो नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

वीस वर्षं! पुण्यात कॉलेजला असताना होस्टेलवर माझा खोलीमित्र होता एमानुएल, टांझानियाचा. त्याने मला पहिल्यांदा रेगे ऐकवलं. म्हणाला, फक्त बास ऐक, बाकीचं आपोआप ऐकू येतं. ड्रमचा मोठा ठोका आपण वाट बघतो तिथे पडतच नाही, पुढे जाऊन पडतो. गिटार ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजते. त्या रिकाम्या जागेत मी जाऊन बसलो तो उठलोच नाही. केळीला पाणी सोडताना तेच, ट्रॅक्टरवर तेच. हे सगळं करून शेवटी माझा चेहराच चुकला!

रुचिकाला सांगितलं. माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, कमी बोलते. तिला म्हटलं, निव्वळ रंगावरून मला मागे ढकललं, हा कुठला न्याय?

ती हसायला लागली. वह्या तपासत होती, पेन खाली ठेवून हसली. मग म्हणाली, “मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आत्या काय म्हणाल्या आठवतं? मुलगी हुशार आहे, पण ताटात काळा गुळ वाढल्यासारखी दिसेल. तुम्ही तिथेच बसला होता. पोहे खात.”

मला आठवलं. पोहे चांगले झाले होते.

२१ जानेवारी, मंगळवार

दोधूबरोबर केळी घेऊन शहाद्याला गेलो. मला तसं काही काम नव्हतं, पण मनात किल्मिष धरून गप्प राहणं मला जमत नाही.

पुलावर त्यालाच विचारलं, तुला पुढे उभं राहायचं आहे का? त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, “भाऊ, खरं सांगू का? माले हाई गानं आवडत नही. एकच चाल, एकच चाल — निस्ती झोप येस.”

अकरा वर्षं माझ्या गाडीत माझं रेगे ऐकत आलेला माणूस! त्याला आवडतात जुनी विरहाची गाणी, कव्वाली, ज्यात आवाज वर चढतो आणि तिथेच रडत थांबतो. मी गाडीतून उतरलो की तो ती लावतो. मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी माझं रडगाणं सांगितलं. चेअरमन वगैरे. तो हसला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाला, “तुमले आज पहिलींदाव रंग आडवा वना. माले शाळामा व्हतू तव्हयपासून सवय शे.”

शहाद्याला पोहोचल्यावर घड उतरवायला मीही हात लावला.

परत आल्यावर शेडमध्ये गेलो. सरावाला आम्ही तिघं खुर्च्यांवर बसतो, दोधू कॅरेटवर. खुर्च्या पाच आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

एमानुएलचा नंबर शोधून काढला. सतरा वर्षांनी फोन! म्वान्झा नावाच्या गावी पाणीपुरवठा खात्यात साहेब झालाय. आवाज तोच. आधी दहा मिनिटं आम्ही नुसते हसलो, मेसच्या भाजीवरून.

त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तू खरा माणूस, तूच सांग, हे गाणं नक्की कुणाचं?

तो इतका हसला की फोन खाली ठेवावा लागला त्याला. म्हणाला, हेमकांत, मी पुण्यात येईपर्यंत रेगे धड ऐकलंच नव्हतं! मी चर्चमध्ये गाणारा मुलगा. माझ्या गावाहून तुझं गाव जवळ आहे, जमैका लांब. पण तुमच्या पुण्यात मला जो भेटेल तो विचारायचा — रेगे गा, नाचून दाखव. नाही येत म्हटलं तर त्यांचा विरस व्हायचा. होस्टेलच्या रेक्टरचासुद्धा. शेवटी कॅम्पातल्या दुकानातून एक कॅसेट आणली आणि आठ दिवसांत पाठ केली. लोकांची तोंडं बंद करायला.

आणि मग? मी विचारलं.

मग काय, म्हणाला, आवडलं. आता माझ्या मुली वैतागतात.

फोन ठेवला आणि अंगणात एकटाच हसत फिरलो. आईला वाटलं केळीचा भाव वाढला.

२६ जानेवारी, रविवार

सरावाला गेलो. आधी एक रिकामी खुर्ची पुसली आणि माईकपुढे ठेवली. दोधू खुर्चीकडे बघत राहिला, मग बसला. अजितने उगाच खोकून ड्रमचा स्क्रू पिळला.

मी दोधूला म्हटलं, आज माझ्यासारखं गाऊ नकोस. तुला आवडतं तसं गा. कव्वालीत ओढतोस तसं ओढ.

आधी सगळा गोंधळ. तो ‘तापीमाय’वर आवाज वर नेऊन थांबला तो थांबलाच, आम्ही खाली चार ठोके पुढे. अजित म्हणाला, ह्याची वरात गेली गुजरातला, आपण अजून मांडवात. पण तिसऱ्या खेपेला काहीतरी झालं. मी बास कमी केली. दोन स्वर वाजवून गप्प, पुन्हा दोन. तो वर थांबायचा तेव्हा खाली मी आणि अजित चालत राहायचो, सावकाश, रेतीतून चालतात तसं. भूमिका मधल्या रिकाम्या जागा भरत होती. आणि दोधू मजेत त्या सगळ्यावर तरंगत होता.

असं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं! संपल्यावर अजित उठून शेडभर नाचला. बाहेर केळी भरणाऱ्या बायका काम टाकून आल्या होत्या. रेवाबाई, त्यांच्यातली सगळ्यात मोठी, मला म्हणाली, आता जमनं भाऊ, पहिले तुम्ही रडेत.

म्हणजे माझं गाणं रडल्यासारखं होतं. सात वर्षं कोणी सांगितलं नाही!

२७ जानेवारी, सोमवार

आज शांतपणे लिहून टाकतो. मी वाईट गातो. घरात आम्ही गुजर लोक गुजरी बोलतो, शेतावर अहिराणी, कागदावर मराठी — आणि गायला लागलो की मी जमैकन हेल काढायचो. कुठल्या तोंडाने, देव जाणे. बास मात्र मी खरी वाजवतो. काल गायचं नव्हतं म्हणून बोटं मोकळी होती. वीस वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी कागद पाठवला. गाणं — पारंपरिक. गायक — दोधू. माझं नाव वादकांत, तिसरं.

मी मनाची तयारी केली होती. म्हटलं जाऊ दे, गाणं तर लोकांपर्यंत जाईल. सही करायला दोधूला बोलावलं, भूमिकाने मजकूर वाचून दाखवला. त्याने बाईंना फोन लावायला सांगितला. स्पीकरवर.

“गानं भाऊनं शे,” तो म्हणाला. “नाव भाऊनंच लिखा.”

बाईंनी समजावलं. पारंपरिक म्हटलं की तुमच्या समाजाचा मान आहे त्यात. दोधू म्हणाला, मन्हा समाजनं गानं मी आननार तव्हय मन्हा समाजनं लिखजा. हाई भाऊनं शे. अजून एक सांगितलं — टोपी घालणार नाही. लग्नाचा पांढरा शर्ट आहे, तो घालीन.

मग बाई म्हणाल्या, बरं. नाराजीनेच, पण म्हणाल्या. कागद बदलून येतोय.

मी दोधूला काही म्हणणार होतो. तो तोवर पिकअप सुरू करायला गेला होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या निघायचं. दोधू आज हजामत करून आला. एकदम बारीक! केस म्हणून उरलेच नाहीत. म्हणाला, एवढ्या लोकांपुढे जायचं तर चांगलं दिसायला नको?

बाईंना कसं सांगायचं यावर अजित आणि भूमिकाने चिठ्ठ्या टाकल्या. अजित हरला.

२ मार्च, रविवार. गोवा

कुठून सुरू करू!

भाड्याची गाडी, ड्रायव्हर वेगळा. दोधू आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसला. धुळ्यापर्यंत कसाबसा धीर धरला, मग ‘ब्रेक दाब’, ‘डावी घे’. तो ड्रायव्हर शेवटी म्हणाला, दादा, तुम्हीच चालवा! पुढचा अर्धा रस्ता दोधूनेच चालवली. पांढरा शर्ट पिशवीत नको म्हणून हँगरला, मागे हलत.

आमची वेळ दुपारी साडेचारची. समोर पन्नास-साठ माणसं, तीही सावली शोधत आलेली. निवेदकाने सांगितलं, सातपुड्याच्या घनदाट जंगलातून आलेला आवाज! दोधू माईकपाशी गेला. पांढरा शर्ट, काळी पँट, बारीक केस — खरंच सांगतो, चेअरमन तो दिसत होता. म्हणाला, “मी जंगलातून नाही आलो. प्रकाशाहून आलो. तिथे एसटी येते.”

लोक हसले. आणि मग तो गायला.

वर्णन करत नाही. एवढंच लिहितो की दुसऱ्या कडव्याला मी डोळे उघडले तर पुढे माणसंच माणसं. अहिराणीचा एक शब्द त्यांना कळत नसणार. सगळी संथ डुलत होती, आमच्या ठोक्यावर. एक पोरगी रडत होती आणि हसतही होती. दोधूने शेवटची ओळ वर नेली, तिथे थांबला. मी खाली दोन स्वर वाजवले आणि बोट उचललं. पूर्ण शांत. मग जे झालं — भूमिका टाळ्यांत काहीतरी ओरडत होती, मला ऐकूच येईना.

गाणं कुणाचं, हे दोधूने माईकवर सांगितलं. माझ्याकडे हात केला. लोकांनी ‘काका, काका’ केलं. आता चालेल.

नंतर एका पत्रकार मुलीने त्याला विचारलं, रेगेशी तुमचं नातं कधी जुळलं? दोधूने विचार केला. म्हणाला, जुळलं नव्हतं. गाडीत भाऊंची टेप असायची. आत्ता गाताना जुळलं बहुतेक.

बाई येऊन माझ्या पाया पडायच्याच बाकी होत्या. म्हणाल्या, माझी चूक झाली, टोपीची. रडल्या थोड्या. चांगल्या आहेत.

समुद्र पाहिला. दोधूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तासभर पाण्यात उभा होता. रुचिकाला फोन करून लाटा ऐकवल्या.

६ मार्च, गुरुवार

गावात मिरवणूक काढली! अजितच्या बँजो पार्टीने वाजवलं, अर्थात फुकट. गाणं बाजारात आल्याला पाच दिवस, आकडे भूमिका रोज ओरडून सांगते. बाईंच्या कंपनीला आणखी पाच गाणी हवीत. माझ्याकडे तीन आहेत, जुनी. बाकीची कुठून आणायची?

आई आज पहिल्यांदा शेडमध्ये सराव ऐकायला आली. डोळे मिटून बसली. झोपली म्हणा.

९ मार्च, रविवार

दोधूने स्वतःचं गाणं आणलं. पहिलंच. भिलोरीत आहे, त्याच्या घरच्या बोलीत, म्हणून आधी गाऊन दाखवलं आणि मग अर्थ सांगितला, एकेक ओळ. गाणं त्याच्या आजीचं, भिकुबाईचं. या शेडची जागा आणि पुढे नदीपर्यंतचं रान तिचं होतं. एक दिवस कागद आला, तिचा अंगठा घेतला, ती वाचायला शिकलेली नव्हती. मग ती तिथेच मजुरीला येत राहिली, मरेपर्यंत. कागद घेऊन जो आला त्याचं नाव गाण्यात आहे. भाईदास. माझे आजोबा.

दोधूने विचारलं, नाव काढू का?

मी म्हटलं, नाव राहू दे. मग बास घेतली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून गायला सांगितलं.